मशीनला लावलेली तीट

प्रमोदिनी रिसबूड यांनी आयुष्यात एकाच माणसाविषयी खोटं लिहिलं, पण ते एकसष्ट वेळा लिहिलं. त्या माणसावर त्यांचा जीव होता. नसता तर ही भानगडच झाली नसती.

एरवी खोट्याशी त्यांचं हाडवैर. दिल्लीत केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं कोडिंग सेक्शनमध्ये काढली. हे कोडिंग म्हणजे कॉम्प्युटरवालं नव्हे. लोकांनी फॉर्मवर आपला धंदा लिहिलेला असायचा, कोणी कल्हईवाला, कोणी कंपाउंडर, कोणी नुसतंच ‘मालक’. तो वाचायचा आणि शेजारच्या चौकोनात त्याचा ठरलेला आकडा लिहायचा. दिवसाला चारशे फॉर्म. तपासनीस मागाहून लाल पेन्सिल घेऊन बसायचे, आणि प्रमोदिनीबाईंच्या गठ्ठ्यावर ती पेन्सिल उतरायची वेळच यायची नाही. हे त्या स्वतः सांगत नसत. त्यांची मैत्रीण विनया सांगायची, आणि ती सांगत असताना बाई खिडकीबाहेर बघत ऐकत असत.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी गाझियाबादच्या वैशालीत फ्लॅट घेतला तेव्हा ऑफिसने वेड्यात काढलं होतं. तिथे कोल्हे ओरडतात म्हणाले. आता तिथे मेट्रो आली, मॉल झाले, आणि कोल्हे बहुधा त्यांतच कुठेतरी फ्लॅट घेऊन राहिले असावेत. मुलगा आणि सून सकाळी आठला गुडगावच्या दिशेने निघायचे ते अंधार पडल्यावर परत. घरात बाई आणि नात. नात म्हणजे कृतिका. वय पंधरा, पाय लांब, मराठी अर्धी, आणि खो-खो मात्र पूर्ण.

दोन हजार सतराच्या जुलैत एका दुपारी विनयाचा मुलगा उन्मेष लॅपटॉप आणि एक खोका घेऊन घरी आला. नॉएडात सहा जणांची एक कंपनी होती, त्या सहांतला तो एक. खोक्यातून त्याने रुंद इलॅस्टिकचे चार पट्टे काढले. प्रत्येकात काडेपेटीएवढी एक डबी शिवलेली.

“काकू, खो-खोच्या मुलींचे गुडघे फार जातात. हे पट्टे मांडीला आणि पोटरीला बांधायचे. पाय कसा हलला, किती झटक्यात, कुठल्या कोनात, ते ही डबी सेकंदाला शंभर वेळा टिपते. गुडघा चुकीचा पडायला लागला की आधीच सांगणार.”

“मग अडलंय कुठे?”

“ती नुसती टिपते. त्यातलं बरं काय, वाईट काय, ते तिला माणसाने दाखवावं लागतं. व्हिडिओ बघायचा, एकेका हालचालीपुढे आकडा लिहायचा. गुडघा पावलाच्या रेषेत राहिला तर एक, आत कलला तर दोन. असं हजारो वेळा केलं की मग मशीन आपलं आपण ओळखायला शिकतं.”

“म्हणजे बालवाडी.”

“बिल्कुल बालवाडी. दोन कॉलेजच्या पोरांना बसवलं होतं. एकाने क्रिकेट बघत बघत लिहिलं. बुटाची नाडी बांधणाऱ्या मुलीलासुद्धा एक देऊन मोकळा झाला.”

प्रमोदिनीबाईंनी चष्मा पुसला. निवृत्तीनंतरची सात वर्षं त्यांनी कोथिंबीर निवडण्यात आणि सोसायटीच्या सभेत भांडण्यात घालवली होती. त्यांच्या लायकीचं काम त्यांच्याकडे चालून यायला इतका उशीर झाला होता, त्याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

“उद्यापासून,” त्या म्हणाल्या. “आणि माझ्याकडे टीव्ही बंद असतो.”

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर कचेरी भरली. शेजारच्या वसुंधरातल्या शाळेच्या मैदानावर बारा मुली पट्टे बांधून खेळायच्या. रोज त्याचा व्हिडिओ यायचा, आणि बाई सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंत एकेक हालचाल थांबवून थांबवून बघायच्या. एक, एक, दोन, एक. शंका आली तर चार वेळा बघायच्या. आठवड्याभरात त्यांना मुली चेहऱ्याने नव्हे तर गुडघ्याने ओळखू यायला लागल्या. उन्मेषने तपासणीसाठी शंभर हालचाली स्वतः बघितल्या, त्यांतल्या शंभरही जुळल्या. ते ऐकताना बाई पुन्हा खिडकीबाहेर बघत होत्या.

सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं, ते बारावी मुलगी म्हणून कृतिका पडद्यावर येईपर्यंत.

नात खो-खो खेळते हे बाईंना माहीत होतं. म्हणजे तिचे मोजे धुवायला पडतात हे माहीत होतं. मैदानावर त्या कधी गेल्या नव्हत्या. आता त्यांनी पाहिलं. पाठलाग करताना कृतिका पाटीच्या टोकाच्या खांबाकडे अशी सुटायची की आता आपटते की काय वाटावं, आणि शेवटच्या क्षणी एका हाताने खांब धरून अख्खं अंग झोकून वळायची. पाऊल जमिनीला टेकलं न टेकलं तोवर ती पलीकडे. समोरची धावणारी मुलगी अजून आधीच्याच बाजूला बघत असायची.

“अगं बाई!” प्रमोदिनीबाई रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या.

आणि लगेच घाबरल्या. आपलीच दृष्ट सगळ्यात आधी लागते, हे त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं होतं. कृतिका तान्ही असताना त्या तिला रोज तीट लावायच्या. काजळाचा तेवढा एक ठिपका. इतकं गोरंगोमटं लेकरू निर्दोष दिसू नये, काहीतरी खोट दिसावी, म्हणजे कोणाची नजर लागत नाही. सून स्वरूपा म्हणाली, आई, काजळाने इन्फेक्शन होतं. मग बाईंनी वाद न घालता ठिपका गालावरून तळपायावर नेला. पोरगी चालायला लागेपर्यंत तो तिथेच होता, आणि कोणाला पत्ता नव्हता.

आता या लॅपटॉपमधल्या पोरीच्या तळपायाला हात कसा पोचणार? बाईंनी तो वळसा पुन्हा पाहिला. गुडघा पावलाच्या रेषेत, आखून काढल्यासारखा. त्यांनी समोर लिहिलं, दोन.

हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला सेक्शनबाहेर काढलं असतं, हे त्यांना त्या क्षणीसुद्धा ठाऊक होतं. पण शे-दोनशे आकड्यांत एक आकडा, एवढ्याने काय होतंय? तीट ती केवढीशी! दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच एक वळसा आला, पुन्हा तोंडून ‘अगं बाई’ निघालं, आणि पुन्हा दोन पडला. दोन महिने हे चाललं. बाकी अकरा मुलींच्या बाबतीत एकही आकडा इकडचा तिकडे नाही. कृतिकाच्याही साध्या धावण्यात, बसण्या-उठण्यात नाही. फक्त जिथे बाईंचा श्वास अडकला, तिथे तीट.

सप्टेंबरच्या शेवटी मशीन शिकून तयार झालं आणि मैदानावर उतरलं. मुली खेळायच्या, कोचच्या फोनवर प्रत्येकीच्या नावापुढे हिरवं नाहीतर लाल उमटायचं. कोच दीनानाथ सर बागपतकडचे, आवाजाने दणदणीत आणि मनाने भित्रे. भित्रे व्हायला कारण होतं. आदल्या वर्षी त्यांच्या एका मुलीचा गुडघा ऐन सामन्यात गेला होता आणि तो आवाज त्यांनी रेषेबाहेर उभ्या उभ्या ऐकला होता. ती मुलगी परत खेळली नाही. सर अजून महिन्याला तिच्या घरी जाऊन येत. हिरव्या-लालवर त्यांनी देवासारखा विश्वास ठेवला तर त्यात नवल नव्हतं.

आणि त्या देवाने कृतिकाला पकडलं. साधी धावली की हिरवं. सूर मारला, हिरवं. खांबाला जीव तोडून वळसा घातला की लाल. दर वेळी लाल.

“बेटा, घुटना पहले, मेडल बाद में,” सर म्हणाले. नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धा होती. उत्तर प्रदेशकडून जाणाऱ्या बाराजणींची आणि त्यांतल्या मैदानात उतरणाऱ्या पहिल्या नवांची यादी येत्या रविवारी लागायची होती. तोवर लाल गेलं नाही तर कृतिकाचं नाव यादीत नाही, हे त्यांनी तिला सरळ सांगून टाकलं.

पोरगी बदलली. खांबाजवळ आली की वेग आवरायला लागली. वळसा घ्यायची तो दोन पावलं जास्त टाकून, दाराच्या फटीत बोट सापडलेलं मूल पुढच्या वेळी दाराशी वागतं तशी. आणि वळून झाल्यावर समोरच्या मुलीकडे न बघता सरांच्या फोनकडे बघायची. घरी आल्यावर सोफ्यावर पाय पसरून म्हणायची, “आजी, इथे दुखतंय बहुतेक.”

प्रमोदिनीबाई बाम घेऊन बसायच्या आणि त्या धडधाकट गुडघ्याला चोळायच्या. बामाचा वास, पोरीचे मिटलेले डोळे. काय झालंय ते त्यांना पहिल्या लाल दिव्यालाच कळलं होतं. रोज ठरवायच्या, आज उन्मेषला फोन करते. रोज मूग गिळून बसायच्या. साठी उलटलेल्या बाईने, जिच्या गठ्ठ्याला कधी लाल पेन्सिल लागली नाही तिने, फोन करून काय सांगायचं? मी काजळ लावलं म्हणून?

शुक्रवारी संध्याकाळी कृतिकाने बामाचा हात धरून थांबवला.

“आजी, एक विचारू? तू माझे सगळे व्हिडिओ बघितलेस ना. सच बता. माझा गुडघा आत जातो का?”

आता खिडकीबाहेर बघून चालणार नव्हतं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुझ्या गुडघ्यात काही नाही. खोट माझ्यात आहे.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. काजळ, तळपाय, दोन, सगळं. सांगताना त्यांचा आवाज एकदाच फुटला, तो ‘जाणूनबुजून’ या शब्दावर.

कृतिकाने पाय आजीच्या मांडीवरून काढून घेतला आणि उन्मेषला फोन लावला.

तो अर्ध्या तासात आला. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, चौकशी समितीपुढे बसावं तशा. उन्मेषने ऐकलं. हसला नाही, चिडलाही नाही. लॅपटॉप उघडला, कृतिकाचे ‘दोन’ वेगळे काढले आणि मोजले. एकसष्ट.

“सात हजारांत एकसष्ट,” बाई पुटपुटल्या. “एवढ्याने फरक पडतो?”

“विखुरलेले असते तर नसता पडला, काकू. क्रिकेट बघणाऱ्याच्या चुका मशीन पचवून टाकतं. पण तुम्ही चूकसुद्धा शिस्तीत केलीत. दर वेळी एकाच जातीच्या हालचालीवर. त्याला वाटलं हाच नियम. ते तुमच्या ‘अगं बाई’ला शिकलं.”

मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ते एकसष्ट तुकडे एकामागून एक लावले.

कृतिका पडद्यासमोर येऊन उभी राहिली. ती खांबाकडे सुटते, हात, झोक, पलीकडे. पुन्हा सुटते, हात, झोक, पलीकडे. जुलैचा चिखल, ऑगस्टचं ऊन, निळा टीशर्ट, पिवळा टीशर्ट. एकसष्ट वेळा. मधला एकही कच्चा क्षण नाही, कारण कच्चे क्षण बाईंनी निवडलेच नव्हते. पोरीने स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. गेले पंधरा दिवस ती स्वतःला लाल समजत होती.

“आजी,” ती हळूच म्हणाली, “मी इतकी मस्त खेळते?”

“फार,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुढे काहीच जोडलं नाही, ‘पण’ नाही, ‘अजून मेहनत कर’ नाही. कौतुक तोंडावर करायचं नाही असा त्यांच्या घरचा रिवाज होता. तो तिथे मोडला.

शनिवारी सकाळी त्या स्वतः मैदानावर गेल्या. दीनानाथ सरांपुढे उभं राहून, बाराही मुली ऐकत असताना, त्यांनी हिंदीत कबूल केलं की गलती मशीन की नहीं, मेरी है. सरांनी कपाळाला हात लावला. मग मान वळवून आपल्या स्कूटरकडे बघितलं. तिच्या हँडलला लिंबू-मिरची लटकत होती.

“आंटीजी,” ते म्हणाले, “नज़र आप ज़रूर उतारिए. पर रजिस्टर में नहीं.” आणि पुढे, मायेने पण ठाम, “मैं आपकी बात पर लड़की को नहीं उतारूँगा. दोबारा लिखिए. जितनी कृतिका की हैं, सब. उनमें से आधी मैं साथ बैठ के देखूँगा.”

शनिवारभर टेबलावर कचेरी पुन्हा भरली. सर डोळे बारीक करून बघत होते, बाई लिहीत होत्या. एकसष्टही ‘दोन’चे ‘एक’ झाले. उन्मेषने मशीनला नवा धडा दिला आणि रविवारी सकाळी कृतिका पट्टे बांधून उतरली.

ती उतरली ते जुनी कृतिका म्हणूनच. पहिला वळसा, हिरवा. दुसरा, हिरवा. तिने फोनकडे बघणंच सोडलं होतं. तिसऱ्याला कुंपणाशी उभे असलेले दोन रिक्षावाले ‘वाह’ म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी पदराचं टोक दातात धरलं होतं, तोंडून काही निघू नये म्हणून.

डावाचं शेवटचं मिनिट होतं. कृतिका दमली होती. खांबाला आली, वळली, गडी बाद केला, आणि फोनवर लाल लागलं.

दीनानाथ सर मोठ्याने हसले. “लो! आंटीजी, एक आपका काजल वाला रह गया!” मुली हसल्या, उन्मेषही हसला. सरांनी खिशातून पेन काढलं. हातात यादी होती आणि पहिल्या नवांतली एक जागा रिकामी होती.

प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो वळसा डोळ्यांनी पाहिला होता. सात हजार हालचाली बघितलेल्या डोळ्यांनी. पाऊल टेकताना डावा गुडघा आत गेला होता, जरासा, बोटभर. गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं. काजळावर ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि त्या यादीवर त्यांच्या पोरीचं नाव त्यांना स्वतः पोरीपेक्षा जास्त हवं होतं. समोर कृतिका धापा टाकत, हसत उभी होती.

“सर, नहीं,” त्या म्हणाल्या. “ये वाला सच है. थक गई, तो बायाँ घुटना अंदर गया. फिर से देखिए.”

कृतिकाचं हसू मावळलं. उन्मेषने व्हिडिओ मागे घेतला. सरांनी तो तीनदा बघितला आणि तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा गंभीर झाला. जो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता तो त्यांना आठवला असणार. त्यांनी नाव लिहिलं, पण राखीव तिघींत. सहा आठवडे मांडीचे व्यायाम, मग बघू.

परतीच्या ऑटोत कृतिका बाहेर तोंड करून बसली होती. वैशालीच्या सिग्नलला ती एकदाच बोलली. “तू चूप राहू शकली असतीस, आजी.”

“हो.”

“सब हँस रहे थे. कोणालाच कळलं नसतं.”

“मला कळलं होतं,” बाई म्हणाल्या. “खोटी खोट लावताना मला काही वाटलं नाही, बाळा. खरी लपवायला हात धजेना. तुझा गुडघा मला तुझ्या मेडलपेक्षा जास्त हवाय. रागव, चालेल.”

कृतिका रागावली. चांगली दुपारभर रागावली, जेवली तीही खोलीत. चार वाजता प्रमोदिनीबाई नेहमीप्रमाणे बाम घेऊन सोफ्यावर बसल्या. येईल की नाही, याचा त्यांना भरवसा नव्हता. बामाची डबी त्यांनी दोनदा उघडली आणि दोनदा बंद केली.

ती आली. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, लांब पाय पसरले, आणि डावा पाय आजीच्या मांडीवर ठेवला. गुडघा पुढे केला नाही. तळवा वर केला.

“बाम नको,” ती म्हणाली. “ते दुसरं लाव.”

चौदा वर्षं न उघडलेली काजळाची डबी कपाटात नेमकी कुठे आहे, हे बाईंना शोधावं लागलं नाही.